अमेरिकेहून आलेलं साहित्य

मोहटोला, तहसील गडचिरोली
१४ एप्रिल १९५७

अन्नू,

तुझं कार्ड मिळालं. तू बरी, आम्ही बरे, ते झालं. आता कामाचं वाच.

तू लिहिलं का चांद्याच्या तुझ्या मुलींच्या शाळेत नववीले आता अमेरिकन साहित्य चालू होऊन राह्यलं, नागपुराहून भरलेली पेटी आली आहे, आणि त्यातलं काय घ्यायचं, काय ठेवायचं ते मोठ्या बाईनं तुझ्यावर टाकलं. शाळेतल्या मास्तरणीत तू सगळ्यात नवी, तरी तुझ्यावर टाकलं. तुझा बाप असता तर गावभर सांगत फिरला असता. माझा भाऊ गेला, तर आत्या आहे. म्या सांगतलं गावभर.

आता बुधरीचं. चैतू मडावीची पोर, माझ्या बांधाच्या पलीकडची. गडचिरोलीच्या वसतिगृहात राहून आठवी पास झाली. पुढं चैतू नाई म्हणते. त्याचा साळा इसरू धानोऱ्याकडून येऊन येऊन बसते. त्यायच्यात आईच्या माहेराले पोर द्याची रीत आहे, दूध परत केलं म्हणतात. इसरू वाईट माणूस नाई. त्याचा पोरगाही वाईट नाई. पण बुधरी अजून लहान आहे आणि वाचत राह्यते. मोह वेचाले गेली तर झाडाखाली बसून कागदाचा तुकडा वाचते, टोपली रिकामी अन् माय ओरडून राह्यली.

मी चैतूले म्हटलं, "तिले चांद्याले पाठव, अन्नू आहे तिथी." तो म्हणे, "बाई, आणखी वाचून काय करन? वाचून भात शिजते का?" मले उत्तर सुचलं नाई. मले उत्तर सुचत नाई म्हणजे किती राग येते तुले ठाऊक आहे. तेवढ्यात तुझं कार्ड आलं. तशीच उठून गेली त्याच्या अंगणात. म्हटलं, "चैतू, आता नुसतं वाचणं नाई. शाळेत अमेरिकन साहित्य आलं, पेटीच्या पेटी. पोरीयले शिकवणार आहेत." मागं दवाखान्यात अमेरिकेची दुधाची भुकटी आली होती, त्यावर त्याचा धाकटा उठून बसला. अमेरिकेचं नाव त्याले माहीत आहे. बाजेवरून उठला अन् म्हणे, "पोरीच्या हाती देतात?" म्हटलं, "हो देतात." विचार करतो म्हणे.

लवकर लिही. बुधरीले ते शिकवशील का नाई, अन् त्यात काय काय आहे. तुझी सवय आहे गोल गोल लिहाची, तसं लिहू नको.

भागीरथा

•

चांदा
२३ एप्रिल १९५७

प्रिय आत्या,

गोल गोल लिहीत नाही. बुधरीला शिकवीन. नववीच्या सगळ्याच मुलींना हे आहे, आठवड्यातून दोन तास. वसतिगृहात जागा आहे, मी मोठ्या बाईंशी बोलले. चैतूकाकांना सांग की पोर माझ्या डोळ्यांसमोर राहील.

बाकी माझी झोप उडाली आहे. पेटी उघडली तेव्हा आनंद झाला, आता घाबरायला होतं. आमच्या शाळेत हे कोणी केलेलं नाही, विचारायचं कुणाला? मोठ्या बाईंना वाटतं, थोर पुरुषांची भाषणं घ्यावीत. मी म्हटलं, आधी मुलींच्या हातात बसेल असं देऊ. त्यांनी परवानगी दिली, पण दिवाळीच्या आत पूर्ण आराखडा मागितला आहे.

सध्या ठरवलंय ते असं. सुरुवातीला ‘शिलाईयंत्र’. लहान आहे, सोपं आहे, मुली एकेकट्या पार पाडतील. मग ‘पाणचक्की’. ती फार संथ चालते, मध्येच थांबल्यासारखी वाटते, पण मला फार आवडते. पोळ्यानंतर ‘नांगर’. तो सगळ्यात जड. अख्खा एकदम पेलणार नाही, तुकडे करून द्यावा लागेल. ‘बर्फातली शाळा’ घ्यावी की नाही याचा निर्णय होत नाही, आपल्या मुलींनी बर्फ कुठे पाहिलाय?

तुझं मत कळव. हसू नकोस, खरंच विचारते आहे. तुला जे पटत नाही ते तू तोंडावर सांगतेस, मला सध्या तेच हवं आहे.

तुझी
अन्नपूर्णा

•

मोहटोला
८ जून १९५७

अन्नू,

मत मागितलं, तर घे.

नांगराचे तुकडे करू नको. कोणी शिकवलं तुले हे? लोखंडाचा नांगर एकदा मोडला का त्याची धार गेली. मी कोलू लोहाराले विचारलं. तो म्हणे, तुकडे केलेच असन तर इकडं पाठवा, जोडून पाहतो, पण अमेरिकेचे बोल्ट आपल्याजवळ नाईत. अन् जड आहे म्हणून पोरीयले देत नाई म्हणते तू? इथल्या पोरी डोक्यावर धानाचा भारा घेऊन नाला उतरतात.

पाणचक्की संथ चालते तर पाणी कमी पडत असन. चांद्याले उन्हाळ्यात पाणी कुठी? पावसाळ्यात लावून पाहा, मग बोल.

बर्फ घेऊ नको. लाकडाच्या भुशात बांधलं तरी मूल टेशनापर्यंत त्याचं पाणी होईन. ज्यानं पेटीत बर्फ घातला त्याले अक्कल नाई.

शिलाईयंत्र बरोबर. ते पहिलंच घे. शेजारची रुखमाबाई विचारते का पायानं चालते का हातानं. तिले मी सांगतलं, अमेरिकेचं आहे, पायाचंच असन.

आता गोष्ट अशी का चैतू हो म्हणाला. मी तुझं पत्र त्याले वाचून दाखवलं, नांगर, चक्की, यंत्र, सगळं. त्यानं दोनदा वाचाले लावलं. मग इसरूले बोलावलं अन् त्याच्यासमोर सांगतलं, "पोरगी यंत्राचं काम शिकाले चालली. शिकून आली का तुझं गाव अन् माझं गाव, दोन्हीकडं कामात येईन. लग्नाचं आता बोलू नको." इसरूले राग आला, पण यंत्रापुढं तो काय बोलणार? उठून गेला. जाता जाता म्हणे, "यंत्र घेऊन नाई आली तर मी पुन्हा येईन."

पेरणी तोंडावर आहे म्हणून चैतू तिले मूलले सोडते, तिथून रेल्वेत बसवून देते. तू टेशनावर उभी राह्य. उशीर करू नको, पोर कधी चांद्याले गेली नाई.

भागीरथा

•

चांदा
२१ जून १९५७

प्रिय आत्या,

तुझं पत्र वाचून मी खोलीत एकटी इतकी हसले, की शेजारच्या बाई पाहायला आल्या. मग त्यांना का हसतेय ते सांगायला तोंड उघडलं आणि हसू तिथंच थांबलं.

आत्या, पेटीत नांगर नाही. चक्की नाही, शिलाईयंत्र नाही. पुस्तकं आहेत. साहित्य म्हणजे गोष्टी, कविता, माणसांनी लिहिलेलं असतं ते. ‘नांगर’ हे एका गोष्टीचं नाव. जड म्हणजे समजायला जड. तुकडे म्हणजे थोडी थोडी वाचायची. चूक तुझी नाही, माझी आहे. मला एकदाही सुचलं नाही की तिथं हा शब्द तू भाताच्या, लग्नाच्या, घर बांधण्याच्या साहित्यासाठी वापरतेस.

बुधरी आली आहे. स्टेशनावर मी वेळेत होते. तिच्या हातात पत्र्याची छोटी पेटी आणि बांबूची करंडी, करंडीत चारोळी, तू दिलेली की तिच्या घरची ते तिनं सांगितलं नाही. खोलीवर आल्यावर तिनं पहिला प्रश्न विचारला, "बाई, ती पेटी कुठी?" मी दाखवली. तिनं झाकण उचललं, एक पुस्तक काढलं, वास घेतला, परत ठेवलं. मग म्हणाली, "बाबाले सांगू नका."

तिला इथं येण्याआधी काय वाटत होतं, मी विचारलं नाही. पण आत्या, चैतूकाकांना सांगायला हवं. त्यांनी यंत्रासाठी होकार दिला. इसरूमामांना त्यासाठी परत पाठवलं. तू सांगशील का? मी पत्र लिहिलं तर ते तुझ्याकडूनच वाचून घेणार.

तुझी
अन्नपूर्णा

•

मोहटोला
३ जुलै १९५७

अन्नपूर्णा,

गोष्टीले गोष्ट म्हणा ना! साहित्य काऊन म्हणता? पूजेचं साहित्य असते, ते हाती येते. मांडवाचं साहित्य असते, ते गाडीत येते. कागदावर लिहिलेल्याले साहित्य म्हणाची काय गरज पडली शिकलेल्यायले? आमच्या शब्दाले हात लावाले जागा नव्हती का दुसरी?

तू हसली. हस. इथी रुखमाबाईनं कापड आणून ठेवलं आहे, यंत्र आलं का लेकरायचे अंगरखे शिवीन म्हणून. कोलूनं आपल्या सपरात नांगरासाठी कोपरा झाडला. त्यायले मी काय सांगू ते माझं मी पाहीन. चैतूचं वेगळं आहे.

मी सांगणार नाई.

हे वाचून तू म्हणशील, आत्या अन् न सांगणारी? तुझ्या लग्नाच्या बोलणीत तुझ्या होणाऱ्या सासऱ्याले त्याच्या तोंडावर लोभी म्हटलं अन् लग्न मोडलं, ती मीच. पण तवा बोलली तर तुझं भलं होत होतं. आता बोलली तर इसरू दुसऱ्या दिवशी येऊन बसन अन् पोर नदी उतरून परत. बुधरीनंही तुले सांगू नका म्हटलं. तिले समजते. मीही समजून घेतलं. तू मधात पडू नको.

चैतू बाजाराच्या दिवशी विचारते, "पोरगी काय शिकली?" म्या म्हटलं, "शिकून राह्यली." हे खोटं नाई ना? पण खरंही नाई. जीभ अशी जड कधी झाली नव्हती माझी.

अन् त्या नांगराच्या गोष्टीत आहे काय? एवढी जड आहे तर काहीतरी असन ना. लिही. धानाची रोवणी चालू आहे, मले वेळ नाई, पण वाचीन.

भागीरथा

•

चांदा
१ सप्टेंबर १९५७

प्रिय आत्या,

वैनगंगेच्या पुरानं डाक अडली. त्यात मीही लिहायला उशीर केला. रागावली असशील.

‘नांगर’ची गोष्ट अशी. अमेरिकेत एक मोठं सपाट माळरान आहे, जिकडे पाहावं तिकडे गवत, झाड एक नाही. तिथं एक बाई. नवरा हिवाळ्यात वारला. घोडा आहे, नांगर आहे, पण जुंपायचे पट्टे आणि खांद्याला अडकवायचा दोर नवऱ्याच्या मापाचा. तिच्या अंगावर ते सगळं लोंबतं. शेजारी म्हणतो, नांगर मला वीक, तू शहरात जा. ती एक दिवस सुरी घेते आणि पट्टे आपल्या मापाचे कापते. नांगराची तासं वाकडी पडतात. लोक कुंपणाशी उभे राहून हसतात. ती वाकड्या तासांत पेरते. बस, एवढीच गोष्ट. आधी इंग्रजीतून दहा ओळी, मग मी मराठीतून सांगते, मग मुली पुन्हा इंग्रजीकडे जातात, असं चाललं आहे.

बुधरी अडीच महिने वर्गात बोलली नव्हती. मला वाटायला लागलं होतं, तिला इथं आणून आपण चुकलो. ‘नांगर’च्या दुसऱ्या तासाला ती उभी राहिली. "बाई, तिथं एकही झाड नाई?" मी म्हटलं, नाही. "मग त्यायचे देव कुठी राह्यतात?" वर्ग हसला. मी हसले नाही. रात्री आराखड्यात प्रत्येक गोष्टीखाली मी मुलींनी विचारलेले प्रश्न लिहायची जागा ठेवली. आधी मी तिथं परीक्षेचे प्रश्न लिहिणार होते. मोठ्या बाई नाक मुरडतील.

एक सुचवते, चिडू नकोस. आमच्या शाळेत हस्तव्यवसायाच्या खोलीत एक शिलाईयंत्र आहे. बुधरीला त्यावर बसायला शिकवलं, तर चैतूकाकांना ते खोटं ठरणार नाही. शब्द पाळल्यासारखा होईल.

तुझी
अन्नपूर्णा

•

मोहटोला
२७ सप्टेंबर १९५७

अन्नू,

नाई.

यंत्रावर बसवू नको. शिकवाचं असन तर शिकव, पण चैतूले दाखवाले नको. तो भोळा आहे म्हणून त्याले असं दाखवाचं का? तो रानात राह्यते, पण डोळे माझ्याहून चांगले आहेत. मुखरू सावकारानं मागं त्याले कागदावर अंगठा लावाले म्हटलं, तर कागद उलटा करून पाहिला अन् म्हणे, पाठीमागं काय लिहिलं ते आधी सांगा. अशा माणसाले यंत्रामागं काय आहे ते दिसन. दिसलं तर तो पुन्हा कोणाच्याच शब्दावर पोर पाठवणार नाई. ना बुधरी, ना तिच्यामागची.

माझं काय होऊन राह्यलं ते ऐक. पोळ्याले इसरू आला. अंगणात बसून विचारलं, "यंत्र कवा येते?" चैतूनं माझ्याकडं पाह्यलं. मी म्हटलं, "पाऊस आहे, रस्ता बंद." सगळे हो म्हणाले. अन् मी घरी येऊन दोन भांडी आपटली. मले असं बोलता येते हे मले माहीत नव्हतं, अन् माहीत झालं ते आवडलं नाई.

आता चैतू म्हणते, दसऱ्यानंतर धान पिवळा पडेपर्यंत हात मोकळे आहेत, मी चांद्याले जाऊन ते साहित्य डोळ्यानं पाहून येतो. मीही येते. त्याले मी सांगणार आहे. तुझ्या शाळेच्या दारात नाई, वाटेतच. दारात सांगितलं तर तो माझ्या अन् तुझ्या मधात उभा राहून ऐकन, तसं नको.

तू काही मांडून ठेवू नको. पेटी जशी आहे तशी राहू दे. बुधरीले सांग, बाप येऊन राह्यला. तिले रडाचं असन तर आधी रडून घेऊ दे.

भागीरथा

•

चांदा
१० ऑक्टोबर १९५७

प्रिय आत्या,

तुम्ही गेलात आणि मला काहीच कळलं नाही.

तू वाटेत सांगितलंस हे चैतूकाका दारात आल्याबरोबर समजलं. माझ्या नमस्काराला उत्तर दिलं, पण डोळे वर केले नाहीत. तू बाहेर शिपायाशी पायताणं कुठे काढायची यावरून भांडत होतीस, म्हणून आतलं तुला सांगते.

ते पेटीपाशी गेले. झाकण उघडलं, पुस्तकं एकेक बाहेर काढली, तळ पाहिला, परत भरली. मग शेवटच्या बाकावर बसले. मला म्हणाले, "नांगर वाच म्हणा तिले." बुधरीनं पुस्तक घेतलं. इंग्रजी वाचून एकेक वाक्य ती मराठीत सांगत गेली, कुठे अडली नाही. संपल्यावर चैतूकाकांनी विचारलं, "घोड्याले चारा कोण घालत होतं?" ती म्हणाली, तीच बाई. मग विचारलं, "त्या बाईचा भाऊ कुठी होता?"

गोष्टीत भाऊ नाही, आत्या. मी ते सांगणार, तोच बुधरी गोंडीत बोलली. दोनच वाक्यं. मला एक अक्षर कळलं नाही. चैतूकाका उठले, तिच्या डोक्यावर हातही न ठेवता बाहेर गेले. तू त्यांच्यामागं निघालीस. बस मिळेल की नाही एवढंच तू बोललीस.

ती काय म्हणाली ते मला सांगत नाही. तुम्ही गेल्यावर तिनं कपडे घडी करून पत्र्याच्या पेटीत भरले आहेत, पेटीला दोरी बांधून पलंगाखाली ठेवली आहे. मोठ्या बाईंनी आराखडा पाहिला, प्रश्नांची जागा ठेवू दिली. बुधरीला सांगितलं तर म्हणाली, "बरं झालं, दुसऱ्या पोरीयले होईन."

काय ठरलं? वाईट असलं तरी लिही.

तुझी
अन्नपूर्णा

•

मोहटोला
१८ ऑक्टोबर १९५७

अन्नू,

आधी हे वाच अन् उठ: बुधरीले पेटीची दोरी सोडाले सांग. ते झालं का मग बाकीचं वाच.

जाताना डोंग्यात सांगितलं मी त्याले. नदीच्या मधात. मुद्दाम तिथीच सांगितलं, उठून जाता येऊ नये म्हणून, त्याले नाई अन् मलेही नाई. म्हटलं, "चैतू, यंत्र नाई. गोष्टी आहेत. मले आधी माहीत नव्हतं, पण आषाढापासून माहीत आहे." त्यानं पाण्यात हात बुडवला अन् तसाच बसला. उतरल्यावर म्हणे, "माहीत नव्हतं ते ठीक आहे. माहीत झाल्यावर एवढे बाजार तू माझ्यासंग चालली, बोलली नाई." बस, एवढंच. मले शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

येताना त्यानंच काढलं. म्हणे, "पोरगी काय म्हणाली सांगू? म्हणाली, बाबा, भाऊ आला असता तर तिले घेऊन गेला असता. मग ते शेत कोणी नांगरलं असतं?" हे सांगून तो हसला नाई, रडला नाई. मग म्हणे, "बाई, जन्मात तिनं मले काही मागितलं नाई. बांगडी नाई, खाऊ नाई. हे तिनं मागितलं."

मी म्हटलं, मग ठेव तिथीच. तो म्हणे, ठेवतो, पण तुझ्या शब्दावर नाई. म्हणे, इसरूले मी यंत्राचं सांगून परत पाठवलं. आता तू चाल माझ्यासंग. तुझ्या तोंडानं सांग तिथी.

गेलो दोघं रानातून पायी. इसरूच्या अंगणात त्यायचा पाटील, दोन म्हातारे, इसरू, त्याचा पोरगा, सगळे बसले. मी उभ्यानंच सांगितलं. म्हटलं, चूक माझी. साहित्य म्हणजे गोष्टी. नांगर नाई, चक्की नाई, काही नाई. तुमची पोर मी गोष्टी वाचाले पाठवली, चैतूले फसवून नाई, पण फसला तो माझ्याच बोलण्यानं. आता त्याले सगळं माहीत आहे.

म्हाताऱ्यायनं माझ्याकडं पाह्यलं. इसरूनं माझ्याकडं पाह्यलंच नाई, बहिणीच्या नवऱ्याकडं पाह्यलं. म्हणे, "भाटवा, यंत्रासाठी तू पोर ठेवली, म्या मान खाली घातली. आता काय गोष्टीसाठी ठेवतो?"

मी चैतूले ओळखते. तो चार माणसांत बोलत नाई, मान हालवते. मले वाटलं, आता मान हालवन अन् त्याचा अर्थ काहीही निघन. तो उठून उभा राह्यला.

"हो," म्हणे. "गोष्टीसाठी."

इसरूचा पोरगा तेवढ्यात उठून बैलाले पाणी पाजाले गेला. मले तो आवडला. त्याले बरी बायको मिळन, मीच पाहीन. इसरू मात्र तसाच बसला. शेवटी आतून त्याची बायको बाहेर आली अन् म्हणे, "कोणती गोष्ट?" चैतूनं सांगायले घेतली. घोड्याच्या जागी बैल जुंपले, त्या बाईचा नवरा वाघानं खाल्ला असं सांगितलं, अन् पट्टे कापाच्या वेळी सुरी आहे का कोयता तेच आठवेना. म्हातारे म्हणे, असं नसन झालं. इसरूची बायको म्हणे, "तुमच्या पोरीलेच पाठवा. ती नीट सांगन." इसरू काही बोलला नाई, पण चैतूले जेवाले बसवलं, अन् मलेही.

रुखमाबाईचं कापड मी हातानं शिवून देऊन राह्यली. कोलू अजून बोलत नाई माझ्यासंग. बोलन.

तुझा आराखडा पास झाला हे वाचून बरं वाटलं. बर्फाची गोष्ट घे. न पाहिलेलंही कळते पोरीयले, आता मले समजलं.

चैतू समोर बसला आहे. त्याले बुधरीले काही सांगाचं आहे. तो सांगते तसंच लिहून राह्यली, माझं एक अक्षर नाई:

"बुधरी. शाळेले सुट्टी लागली का घरी येशील. पण आधी इथी येऊ नको. मूलहून उतरली का मी तुले सरळ मामाच्या गावाले नेईन. मामाच्या पाया पड. मामीजवळ बस. त्यायले नांगराची गोष्ट सांग, वाघ नाई म्हणून सांग, माझ्याकडून चुकलं. मामा ऐकन का नाई मले माहीत नाई. नाई ऐकला तरी सांग. मग आपण घरी येऊ. माय वाट पाहून राह्यली. तुझा बाप, चैतू."